शिंप्याचा पोरगा आणि आगीचं गणित

एम-थ्रीचा पेपर ज्याने एकदा तरी दिलाय (काहींनी दोनदा, तीनदाही दिलाय, नावं घेत नाही) त्याला फोरियर माहीत नाही असं होऊच शकत नाही. पण माहीत म्हणजे काय, तर ए-नॉट, ए-एन आणि बी-एन काढायची तीन सूत्रं, हाफ रेंज, आणि पेपरच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधून मागून आणलेली झेरॉक्स. हा माणूस कुठला, कधीचा, त्याने ही सगळी भानगड मुळात कशासाठी केली, हे आम्हाला कोणी विचारलं नाही. आम्हीही कोणाला विचारलं नाही.

मला तो खरा भेटला बी.ई.च्या प्रोजेक्टमध्ये. विषय असा होता: धोकादायक माल नेणारं जाड पोलादी पिंप मोठ्या आगीत सापडलं, तर आतलं तापमान किती वाढेल ते कॉम्प्युटरवर काढायचं. वापरून झालेलं अणुइंधन एका ठिकाणाहून दुसरीकडे अशाच पिंपातून नेतात, त्याला कास्क म्हणतात. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे त्यासाठी नियम आहेत. कास्क ९ मीटर उंचीवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर पाडायचं, १ मीटरवरून पोलादी खुंटावर पाडायचं, आणि त्यानंतर ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटं ठेवायचं. पाण्यात बुडवायची चाचणी वेगळी. एवढं सोसूनही आतलं बाहेर येता कामा नये. आता शंभर टनांच्या वर भरणारी ही धूडं प्रत्येक नव्या डिझाइनला कोण जाळत बसणार? त्यामुळे गणिताने सिद्ध केलेलंही नियमांना चालतं. पिंपाचं मॉडेल काढायचं, त्याचे बारीक तुकडे पाडायचे म्हणजे मेश करायचं, बाहेरून आग लावायची आणि एंटर मारायचं. स्क्रीनवर लाल-पिवळं-निळं चित्र येतं. त्या चित्रामागे जे समीकरण चालू असतं ते १८०७ साली एका सरकारी अधिकाऱ्याने ऑफिसचं काम सांभाळून लिहिलेलं आहे. तो अधिकारी म्हणजे आपला फोरियर.

झाँ बाप्तिस्त जोसेफ फोरियर (फ्रेंच लोक फूरिए म्हणतात, पण आपल्या तोंडाला आता फोरियरच बसलाय) २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधल्या ओसेर या गावी जन्मला. बाप शिंपी, घरात पोरांची रांग. दहाएक वर्षांचा होईपर्यंत आई गेली, पाठोपाठ बापही गेला. गावातल्या लोकांनी खटपट करून पोराला तिथल्या सैनिकी शाळेत घातलं. ही शाळा बेनेडिक्टाइन साधू चालवायचे. तेरा-चौदाव्या वर्षी त्याला गणिताचं वेड लागलं. दिवसा वेळ पुरेना, म्हणून तो जळून उरलेले मेणबत्तीचे तुकडे गोळा करून ठेवायचा आणि सगळे झोपले की त्या उजेडात गणितं सोडवायचा. आपल्याकडे लाइट गेल्यावर जे होतं ते याचं रोजचं.

त्याला व्हायचं होतं तोफखान्यात अधिकारी. पण ते दार सरदार-उमरावांच्या पोरांसाठी होतं, शिंप्याच्या पोराला तिथे प्रवेश नाही. हुशारीचा प्रश्नच नव्हता, कुळाचा होता. मग राहिला मठ. १७८७ मध्ये तो साधू व्हायला म्हणून मठात गेला, पण जीव अडकला होता समीकरणांत. एकवीस वर्षं पूर्ण झाली तेव्हा त्याने आपल्या शिक्षकांना पत्र लिहून खंत कळवली, की या वयात न्यूटन आणि पास्कल यांचं नाव अजरामर होण्याइतकं काम झालं होतं आणि आपलं काहीच नाही. १७८९ मध्ये दीक्षा न घेताच तो मठातून बाहेर पडला आणि पुढे आपल्याच शाळेत मास्तर झाला. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांतीही सुरू झाली.

क्रांतीत तो मनापासून उतरला. कुळावरून माणूस जोखणारी व्यवस्था मोडत होती, शिंप्याच्या पोराला दुसरं काय हवं होतं? पण पुढे क्रांती आपल्याच माणसांना खायला उठली. काही लोकांची बाजू घेतली म्हणून फोरियरवर संशय आला आणि जुलै १७९४ मध्ये त्याला अटक झाली. त्या दिवसांत अटक म्हणजे गिलोटिनची टांगती भीती. पण त्याच महिन्याच्या अखेरीस रोबेस्पिएरचंच मुंडकं उडालं आणि फोरियर सुटला. महिनाभराचा फरक पडला असता तर आपला एम-थ्रीचा सिलॅबस वेगळा असता.

सुटल्यावर नशीब फिरलं. शिक्षक तयार करायला पॅरिसमध्ये एकोल नॉर्माल नावाची नवी संस्था निघाली, तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांत तो होता. शिकवायला कोण, तर लाग्रांज, लाप्लास आणि मोंज! आपल्या पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतली निम्मी नावं एका स्टाफरूममध्ये बसलेली. तिथून तो एकोल पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागला, आणि १७९७ मध्ये खुद्द लाग्रांजची जागा त्याला मिळाली. आता आयुष्यभर प्रोफेसर म्हणून सुखाने राहता आलं असतं. पण १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तच्या मोहिमेवर निघाला आणि बरोबर विद्वानांची एक पलटण घेऊन गेला. त्यात फोरियर होता. नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवलं आणि ही मंडळी तिकडेच अडकली. कैरोत नेपोलियनने काढलेल्या संस्थेचा फोरियर सचिव होता. १८०१ मध्ये तो परत आला.

इजिप्तने त्याला एक खोड लावली. उष्णतेत राहणं अंगाला चांगलं असतं अशी त्याची ठाम समजूत झाली. पुढे फ्रान्समध्ये तो उन्हाळ्यातही जाड कपडे घालून, खोली तापवून बसायचा म्हणतात. मित्र आले की घामाघूम व्हायचे. उष्णतेवर काम करणाऱ्या माणसाला असं वेड असावं हे जरा जास्तच जुळून येतं, पण आहे खरं.

परत आल्यावर त्याला शिकवायचं होतं. नेपोलियनने मात्र त्याला इझेर जिल्ह्याचा प्रीफेक्ट केलं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत कलेक्टर. गाव ग्रनोब्ल, आल्प्सच्या पायथ्याशी, थंडीचं. नाही म्हणायची सोय नव्हती. हे काम त्याने रडत केलं नाही. बूर्ग्वाँजवळच्या दलदलींमुळे आजूबाजूच्या गावांत ताप पसरायचा. कितीतरी गावांची आपापसांतली भांडणं मिटवून, प्रत्येकाला पटवून त्याने त्या दलदलींचं पाणी काढून टाकायचं काम मार्गी लावलं. ग्रनोब्लहून इटलीतल्या तुरीनला जाणाऱ्या रस्त्याचं काम त्याने बघितलं. वर इजिप्तवरच्या भल्यामोठ्या ग्रंथाची प्रस्तावनाही लिहिली. आणि फायली संपल्या की संध्याकाळी उष्णता.

आता इथे जरा थांबूया, कारण खरी गोष्ट इथे आहे.

लोखंडाची सळई एका टोकाला तापवली की दुसऱ्या टोकाला चटका बसतो, हे कोणालाही ठाऊक होतं. पण किती वेळाने, किती, आणि मधल्या प्रत्येक बिंदूवर काय, याचा हिशेब कोणाकडे नव्हता. फोरियरने आधी जो रस्ता धरला तो फार मजेशीर आहे. त्याने सलग सळई सोडून दिली आणि सुट्या वस्तू ओळीत ठेवल्यात अशी कल्पना केली. प्रत्येक वस्तूचं एक तापमान, आणि शेजाऱ्याशी उष्णतेची देवाणघेवाण. गरम जास्त देतो, थंड घेतो. मग वस्तूंची संख्या वाढवत वाढवत अनंतापर्यंत न्यायची, म्हणजे सळई मिळेल. पण तिथे गाडी अडली, हवं ते उत्तर निघेना. मग त्याने पदार्थ सलगच धरला. पातळशा थरातून किती उष्णता वाहते ते थराच्या दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून, आणि आत आलेली उष्णता वजा बाहेर गेलेली उष्णता म्हणजे त्या थराचं तापणं. बस. एवढ्या दोन वाक्यांतून ते पार्शल डिफरन्शियल इक्वेशन निघतं.

आज कॉम्प्युटर काय करतो? त्याला सलग काही कळत नाही. तो पिंपाचे पुन्हा तुकडे करतो, प्रत्येकाला एक तापमान देतो आणि शेजाऱ्याशी देवाणघेवाण करायला लावतो. म्हणजे फोरियरने जी वाट अर्ध्यात सोडली होती तिच्यावर आपण परत आलो, फरक इतकाच की आता पुढचं समीकरण हातात आहे आणि लाखो तुकड्यांचा हिशेब करायला मशीन आहे. सुट्या वस्तूंचा तो भाग त्याने फेकून दिला नाही, नंतरच्या पुस्तकातही ठेवला.

त्या समीकरणातून पोलादाबद्दल काय कळतं? उष्णता पार व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ढोबळ हिशेब करा: १ सेंटीमीटर साध्या पोलादाला आठेक सेकंद, १० सेंटीमीटरला चौदाएक मिनिटं, २५ सेंटीमीटरला जवळजवळ दीड तास. जाडी दुप्पट तर वेळ चौपट. कास्क जाडजूड का असतं याचं एक कारण इथे आहे (किरणोत्सार अडवणं हे दुसरं). पण याला एक दुसरी बाजूही आहे. आग विझली म्हणून आतलं तापणं थांबत नाही. भिंतीत शिरलेली उष्णता आत सरकतच राहते, आणि आतलं सगळ्यात जास्त तापमान आग विझल्यानंतर येतं, कधी कधी काही तासांनी. आमच्या पहिल्या रनमध्ये आम्ही ३० मिनिटांनी सिम्युलेशन थांबवलं होतं आणि आत काहीच झालं नाही म्हणून खूश होतो!

२१ डिसेंबर १८०७ रोजी फोरियरने आपला प्रबंध पॅरिसच्या इन्स्टिट्यूटपुढे ठेवला. नुसता कागद नव्हता. लोखंडाचं एक कडं घेऊन, त्यात भोकं पाडून, भोकांत थर्मामीटर बसवून त्याने कडं तापवलं होतं आणि आकडे समीकरणाशी ताडून बघितले होते. तपासायला कोण, तर लाग्रांज, लाप्लास, मोंज आणि लाक्र्वा. ज्यांच्याकडे शिकला तेच परीक्षक. आणि लाग्रांज अडून बसला. फोरियरचं म्हणणं होतं, की सुरुवातीचं तापमान कसंही असो, वेडंवाकडं असो, मध्येच उडी मारणारं असो, ते साइन आणि कोसाइनच्या बेरजेने लिहिता येतं. लाग्रांजला हे पटेना. गुळगुळीत लाटांची बेरीज करून तुटकी रेघ कशी मिळेल? खरं सांगायचं तर शंका चुकीची नव्हती. ती बेरीज कधी जुळते आणि कधी नाही हे फोरियरने नीट सिद्ध केलं नव्हतं. प्रबंध छापला गेला नाही.

मग इन्स्टिट्यूटने उष्णतेवर बक्षीस जाहीर केलं. फोरियरने १८११ मध्ये सुधारलेला प्रबंध पाठवला आणि बक्षीस त्यालाच मिळालं, पण शेरा मारून: मांडणीत काटेकोरपणा कमी आहे. म्हणजे मार्क पूर्ण आणि जर्नलवर लाल शाई! याही वेळी छापलं नाही. बियो नावाचा दुसरा शास्त्रज्ञही टीका करत होता, उष्णतेवर मीही आधी काम केलंय म्हणून. गंमत बघा, हीट ट्रान्सफरच्या पुस्तकात आज फोरियर नंबर आणि बायोट नंबर एकाच चार्टवर शेजारी शेजारी बसतात. हा बायोट म्हणजे तोच बियो. व्हायवाला दोन्ही विचारतात.

मधे राजकारण परत आडवं आलं. १८१५ मध्ये नेपोलियन एल्बाहून निसटून ग्रनोब्लच्याच रस्त्याने पॅरिसकडे निघाला. आता राजाचा अधिकारी असलेला फोरियर गाव सोडून गेला. नेपोलियन आधी भडकला, मग त्यालाच रोन जिल्ह्याचा प्रीफेक्ट केलं. फोरियरचं तिथेही जमलं नाही, त्याने ते पद लवकरच सोडलं. वॉटर्लूनंतर तो पॅरिसमध्ये आला तेव्हा ना पद ना पेन्शन. एका जुन्या विद्यार्थ्याने, जो आता पॅरिसचा प्रीफेक्ट होता, त्याला आकडेवारीच्या कचेरीत नोकरी दिली. १८१६ मध्ये अकादमीने त्याला निवडलं तर राजाने नाकारलं, नेपोलियनचा माणूस म्हणून. पुढच्या वर्षी परत निवडलं तेव्हा मान्य झालं. आणि १८२२ मध्ये, पहिल्या प्रबंधानंतर पंधरा वर्षांनी, उष्णतेच्या सिद्धान्ताचं त्याचं पुस्तक बाहेर आलं. लाग्रांज तोवर वारला होता. बेरीज कधी जुळते याची नीट सिद्धता डिरिक्लेने १८२९ मध्ये दिली. म्हणजे समीकरण पोलादावर बरोबर चालत होतं, आणि गणित मागून आलं. (१८२७ मध्ये ओहमने विजेचा नियम मांडला तोही फोरियरची उष्णता डोळ्यांपुढे ठेवूनच. फर्स्ट इयरवाल्यांनी नोंद घ्यावी.)

पण फोरियरकडे एक गोष्ट नव्हती, आणि आगीत नेमकी तीच लागते. समीकरण पिंपाच्या आतलं सांगतं. बाहेरच्या पृष्ठभागावर काय चाललंय ते आपण सांगायचं असतं, ती बाउंडरी कंडिशन. फोरियरने तिथे न्यूटनचा नियम घेतला होता, तापमानाच्या फरकाच्या प्रमाणात उष्णता. कोमट लोखंडाला ते चालतं. ज्वाळेत मात्र उष्णता मुख्यतः किरणांनी येते, आणि तिचा नियम स्टेफानने १८७९ मध्ये दिला: निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताप्रमाणे. ८०० अंशांची आदर्श काळी ज्वाळा दर चौरस मीटरला सुमारे ७५ किलोवॅट फेकते. १००० अंशांची जवळजवळ १४९. दोनशे अंशांनी उष्णता दुप्पट.

आमची फजिती इथेच झाली. आग विझल्यानंतरचाही वेळ धरून परत रन केली, तरी आतलं तापमान छान कमी आलं. रंगीत प्रिंट काढले, स्पायरल बाइंडिंग केलं. रिव्ह्यूला सरांनी चित्राकडे बघितलंही नाही. बाहेर किती किलोवॅट जातायत ते कागदावर काढा म्हणाले. काढलं तर २३ आले. सॉफ्टवेअरला आम्ही ८०० सेल्सिअस दिलं होतं आणि त्यात २७३ मिळवायचं सांगायला विसरलो होतो. त्याने ते ८०० केल्विन समजून चौथा घात केला. आमची आग नियमातल्या आगीच्या एक तृतीयांशही नव्हती, आणि चित्र मात्र तितकंच सुंदर. अशी चूक खऱ्या कास्कच्या फाइलमध्ये राहिली तर काय, हा विचार त्या रात्री डोक्यातून जाईना. परत रन करायला लॅबमध्ये अख्खी रात्र गेली.

हायवेवर मागे १०७५ नंबर लिहिलेला गॅसचा टँकर दिसतो, त्याचं तर आणखी वेगळं. आत द्रव आहे तिथली भिंत द्रव उकळून थंड ठेवतो. वरच्या रिकाम्या भागातली भिंत मात्र सरळ तापते, पोलाद मऊ पडतं आणि टाकी फाटते. तिथे एकट्या फोरियरवर भागत नाही, उकळणं आणि दाबही मॉडेलमध्ये धरावे लागतात.

आणि नियमातली आग म्हणजे खरी आग नव्हे. १८ जुलै २००१ रोजी अमेरिकेत बाल्टिमोर शहराखालच्या हॉवर्ड स्ट्रीट बोगद्यात एक मालगाडी घसरली, ट्रायप्रॉपिलीनची टाकी फुटली आणि पेटली. त्या गाडीत अणुइंधन नव्हतं. पण तिथल्या अणुनियामक आयोगाने विचारलं, असतं तर? सगळ्यात भीषण आग साधारण तीन तास चालली होती, आणि बोगदा म्हणजे भट्टीच. आधी एका प्रोग्रामने बोगद्यातली आग पुन्हा उभी केली, त्यात ज्वाळा १००० अंशांच्या आसपास निघाल्या. मग ती आग तीन वेगवेगळ्या कास्कच्या मॉडेलवर बाहेरून लावली. इंधनाच्या नळ्या फुटणार नाहीत असं उत्तर आलं. मात्र तिघांपैकी दोघांच्या झाकणाची सीलं त्यांच्या मर्यादेपलीकडे तापत होती, म्हणून अगदी थोडी गळती होणारच नाही असं म्हणता येत नाही, हेही अहवालात लिहिलं. मला हा अहवाल त्यासाठीच आवडला. भिंत जाड असते, सील बारीक असतं, आणि समीकरण दोघांनाही सारख्याच नजरेने बघतं.

फोरियर पुढे अकादमीचा कायमचा सचिव झाला. शेवटच्या वर्षांत त्याला श्वासाचा त्रास होता, तरी अंगावरचे कपडे कमी केले नाहीत. १६ मे १८३० रोजी तो पॅरिसमध्ये वारला. लग्न केलं नव्हतं. आयफेल टॉवरवर ज्या ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअरांची नावं कोरली आहेत त्यांत त्याचं आहे. ओसेरच्या लोकांनी १८४९ मध्ये त्याचा ब्राँझचा पुतळा उभारला होता. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रांसाठी धातू हवा म्हणून तो काढून वितळवला.